पोलंडची अभ्याससहल: तीन शहरं, एक प्रश्न

पोलंडच्या सहलींचे तयार कार्यक्रम पाहिले तर दहा दिवसांत सात-आठ शहरं कोंबलेली दिसतात. रोज नवं हॉटेल, रोज बस, आणि प्रत्येक गावात एक चौक, एक चर्च, एक किल्ला. तिसऱ्या दिवसापासून मुलांना कुठला चौक कुठल्या गावाचा तेही आठवेनासं होतं. शाळा-कॉलेजचा गट किंवा इतिहासाची आवड असलेलं कुटुंब पहिल्यांदाच जाणार असेल, तर क्राकूफ, वॉर्सा आणि ग्दान्स्क एवढीच शहरं घ्या आणि याच क्रमाने घ्या. प्रत्येक ठिकाणी मुलांना एकच प्रश्न विचारायला लावा: समोर दिसतंय ते मूळचं आहे की पुन्हा बांधलेलं? पुन्हा बांधलं असेल तर कोणी, आणि कशाच्या आधारावर?

क्राकूफ दुसऱ्या महायुद्धातून बरंचसं शाबूत राहिलं. वॉर्सा ठरवून पाडलं गेलं आणि तिथल्या लोकांनी ते परत उभं केलं. ग्दान्स्कमध्ये इमारती गेल्या आणि माणसंही बदलली. शाबूत शहर आधी पाहिलेलं असलं की पुढच्या दोन शहरांत काय गेलं याचा अंदाज येतो. हा क्रम उलटा केला तर वॉर्साचा जुना भाग मुलांना नुसता ‘छान’ वाटतो आणि ती पुढे चालू लागतात.

## तयारी कोल्हापुरातून

मराठी गटाला पोलंडचा अभ्यास घरापासून सुरू करता येतो, आणि तो तसाच करावा. १९४० मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं गुरांच्या डब्यांत घालून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर त्यांतल्या अनेकांची सुटका झाली. पोलिश जनरल आन्दर्स यांनी त्यांतूनच सैन्य उभारलं आणि १९४२ मध्ये ते सैन्य, सोबत बायका-मुलं, इराणमार्गे बाहेर पडलं. त्या निर्वासितांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत होती. पुढे फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत वसली. आजचं गांधीनगर ते हेच.

तेव्हा निघण्यापूर्वी एक दिवस कोल्हापूरला काढा. महावीर उद्यानातलं पोलिश स्मारक आणि शहरातली पोलिश दफनभूमी बघा. थडग्यांवरची नावं मुलांना वहीत उतरवून घेऊ द्या. पोलिश आडनावं अशी हाताने लिहिली की पुढे रस्त्यांच्या पाट्या परक्या वाटत नाहीत.

दुसरी तयारी सनावळीची. पोलंडचा इतिहास कोरा पाठ करायला दिला तर कुणाच्याच डोक्यात राहत नाही. मुलांना जी सालं आधीच ठाऊक आहेत त्यांना तो बांधून द्या. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला; त्याच्या आदल्याच महिन्यात यान सोबिएस्की पोलंडचा राजा म्हणून निवडला गेला. होय, निवडला गेला: तिथले सरदार जमून मतं देऊन राजा ठरवत. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १६८३ मध्ये, याच सोबिएस्कीने व्हिएन्नाच्या वेशीवर तुर्की फौजेचा पराभव केला. १७९५ हे साल तर आपल्याकडे खर्ड्याच्या लढाईचं. त्याच वर्षी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडची तिसरी आणि शेवटची वाटणी केली आणि देश नकाशावरून पुसला गेला. तो परत आला नोव्हेंबर १९१८ मध्ये, १२३ वर्षांनी. मधली चार-पाच पिढ्यांची पोकळी लक्षात ठेवली तर तिथे भाषा, चर्च, कविता आणि संगीत यांना एवढा मान का आहे हे वेगळं शिकवावं लागत नाही.

## महिना, व्हिसा, पैसे

मे, जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत चांगले. डिसेंबरात दुपारी साडेतीन-चारला अंधार पडतो, त्यामुळे बघायला निम्माच दिवस हातात राहतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल आणि १ नोव्हेंबर त्यात बसत असेल, तर त्या संध्याकाळी कुठल्याही मोठ्या दफनभूमीत जरूर जा. सर्व संतांच्या त्या दिवशी घरोघरची माणसं आपल्या पूर्वजांच्या थडग्यांवर काचेच्या भांड्यांत मेणबत्त्या लावतात. हजारो दिव्यांनी दफनभूमी उजळते. त्या दिवशी दुकानं आणि संग्रहालयं मात्र बंद असतात.

पोलंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अल्पमुदतीच्या व्हिसासाठी प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, पण गटाने पंधरा दिवसांवर ठेवण्याचं धाडस करू नये. तीन महिने आधी लागा. किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास-विमा लागतो. अठराच्या आतल्या मुलांसाठी जन्मदाखला आणि आई-वडील दोघांचं संमतिपत्र तयार ठेवा. सहलीत शेजारचा देशही जोडणार असाल तर जिथे सर्वांत जास्त रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो.

विमानाचं तिकीट काढताना क्राकूफला उतरून ग्दान्स्कहून परत असं काढा. दोन्हीकडे आंतरराष्ट्रीय विमानतळ आहेत. वाटेत कुठे तरी विमान बदलावं लागतं, पण शेवटी वॉर्साला परतण्यात जाणारा दिवस वाचतो.

चलन झ्वॉटी. युरोपीय संघात असूनही तिथे युरो चालत नाही. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. थोडे सुटे पैसे सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी आणि फुटपाथवरच्या गाड्यांसाठी ठेवा. रस्त्यावरच्या ‘कांतोर’ म्हणजे पैसे बदलून देणाऱ्या दुकानांत खरेदी आणि विक्री या दोन्ही दरांमधलं अंतर बघा. ते मोठं असेल तर पुढचं दुकान गाठा. विमानतळावर शक्यतो बदलू नका.

एक गोष्ट सामान भरतानाच सांगून ठेवा. स्वस्तिकाचं लॉकेट, की-चेन, बॅगेवरचा स्टिकर, हातावरची स्वस्तिकाची मेंदी, हे सगळं घरी. आपल्या मनात काहीही असलं तरी तिथल्या माणसाला त्यात त्याच्या आजोबांना मारणाऱ्यांची खूण दिसते. छळछावणीच्या दारात उभं राहून तुम्ही शुभचिन्हाचा अर्थ समजावू शकणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये.

## क्राकूफ: आधी मूळ शहर

इथे चार रात्री ठेवा. पहिला दिवस मुख्य चौकासाठी पुरा द्या. १२४१ च्या तातार हल्ल्यात शहर उद्ध्वस्त झालं आणि १२५७ मध्ये ते नव्याने आखलं गेलं: मधोमध साधारण २०० मीटर लांब-रुंद चौक आणि त्यातून काटकोनात निघणारे रस्ते. ती आखणी आजही तशीच आहे. गटाला चौकाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पावलं मोजत चालायला सांगा. जुन्या तटबंदीच्या जागी आता शहराभोवती बागेचा पट्टा आहे, प्लांती. त्यातून एक फेरी मारली की मध्ययुगीन शहर केवढं होतं ते पायांना कळतं.

चौकाच्या कडेला सेंट मेरी चर्च आहे. त्याच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते, चार दिशांना चार वेळा, आणि सूर मध्येच तुटतो. तातारांची चाहूल लागताच तुतारी वाजवणाऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून सूर तिथेच थांबतो, अशी कथा सांगतात. ही कथा मुलांना सांगाच, आणि लगेच हेही सांगा की जुन्या कागदपत्रांत तिला आधार सापडत नाही. ती लोकप्रिय झाली विसाव्या शतकात. दंतकथा कशी घडते याचं इतकं चांगलं उदाहरण वर्गात बसून मिळत नाही. तुतारी वाजवणारे अग्निशमन दलाचे कर्मचारी असतात. वाजवून झाल्यावर खिडकीतून हात हलवतात. खालून मुलांनीही हलवावा.

चर्चच्या आत वाइट श्टोस या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ या काळात घडवलेली लाकडी वेदी आहे, सुमारे १३ मीटर उंच. तिची दारं सकाळी बारा वाजायच्या थोडं आधी समारंभाने उघडतात. त्या आधी पंधरा मिनिटं जागा धरून बसा. आणि आत गेल्यावर मधल्या आकृतींचे हात बघा: फुगलेल्या शिरा, सांधे, म्हाताऱ्या प्रेषितांच्या कपाळावरच्या आठ्या. पंधराव्या शतकातल्या क्राकूफच्या माणसांचे चेहरे त्या लाकडात आहेत असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

दुसऱ्या दिवशी वावेल टेकडी: राजवाडा आणि राजांच्या समाध्या असलेलं कॅथेड्रल. सोबिएस्कीची समाधी इथेच आहे, सनावळीतलं ते नाव मुलांना स्वतः शोधू द्या. उतरून कोलेगियुम मायुस गाठा. १३६४ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाची ही जुनी इमारत. कोपर्निकस याच विद्यापीठात शिकला. लिओनार्दो दा विंचीचं ‘एर्मिन घेतलेली स्त्री’ (एर्मिन म्हणजे मुंगसासारखा पांढरा प्राणी) हे चित्र चार्तोरिस्की संग्रहालयात आहे. लिओनार्दोची स्त्रियांची मोजकीच व्यक्तिचित्रं जगात आहेत, त्यांतलं हे एक, म्हणून थकलेले असलात तरी चुकवू नका.

काझिमिएर्झ हा जुना ज्यू मोहल्ला संध्याकाळी बघण्यासारखा, पण तिथून नदी ओलांडून पोदगूझेला गेल्याशिवाय तो समजत नाही. युद्धाआधी क्राकूफच्या लोकसंख्येत सुमारे एक चतुर्थांश ज्यू होते. १९४१ च्या मार्चमध्ये जर्मनांनी त्यांना पोदगूझेतल्या थोड्याशा गल्ल्यांत कोंडलं आणि दोन वर्षांत ती वस्ती संपवली. ज्या चौकातून माणसं गाड्यांत भरली गेली तिथे आज मोठ्या रिकाम्या धातूच्या खुर्च्या ओळीने ठेवल्या आहेत. जवळच्याच ल्वोव्स्का रस्त्यावर घेटोच्या, म्हणजे त्या कोंडलेल्या वस्तीच्या, भिंतीचा तुकडा शिल्लक आहे. तिचा वरचा कडा बघा: कमानी-कमानींचा, ज्यू थडग्यांच्या दगडांसारखा. इथे गटाला बोलू देऊ नका, नुसतं बघू द्या. आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या शिंडलर या जर्मन कारखानदाराच्या कारखान्यातलं संग्रहालयही याच भागात आहे. त्याची वेळेची तिकिटं आधी काढून ठेवावी लागतात.

तिसऱ्या दिवशी व्येलिच्काची मिठाची खाण. क्राकूफच्या जुन्या शहरासह १९७८ मध्ये जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत आलेली. सुरुवातीलाच सुमारे ३८० पायऱ्या उतराव्या लागतात, आत थंडी असते, स्वेटर घ्या. १०१ मीटर खोलीवरच्या किंगा देवळात झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाचे आहेत. परत वर यायला लिफ्ट आहे.

## ऑश्विट्झचा दिवस

क्राकूफपासून पाऊणशे किलोमीटरच्या आत, ओश्व्येन्चिम गावाजवळ, ऑश्विट्झची ही छळछावणी आहे. जर्मनांनी ती १९४० मध्ये उघडली. तिथे सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यांतली बहुसंख्य ज्यू. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य पोहोचलं.

चौदा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं संग्रहालयच सुचवतं आणि ते पाळा. प्रवेशाची नोंदणी संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. गटाला तिथला मार्गदर्शक घ्यावाच लागतो. मोठी पिशवी आत नेता येत नाही. साडेतीन-चार तास लागतात: आधी मूळ छावणी, मग बसने बिर्केनाउ ही दुसरी, मोठी छावणी. केसांचा ढीग ठेवलेल्या खोलीत आणि अकरा नंबरच्या इमारतीच्या तळघरात फोटो काढायला मनाई आहे. माझं मत विचाराल तर कॅमेरे बसमध्येच ठेवा. रुळांवर उभं राहून काढलेल्या सेल्फी घरी येऊन पुसून टाकाव्या लागतात.

बोलताना आणि अहवाल लिहिताना ‘पोलिश छावणी’ हा शब्दप्रयोग चुकूनही करू नका. जर्मन नाझींनी व्याप्त पोलंडमध्ये चालवलेली छावणी, असं पूर्ण म्हणा. पोलिश माणूस इथे फार हळवा आहे आणि त्याचं बरोबर आहे. लाखो पोलिश माणसंही जर्मनांनी मारली. जागतिक वारशाच्या यादीतलं या जागेचं नावही पोलंडच्या मागणीवरून २००७ मध्ये याच कारणासाठी बदललं गेलं.

त्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम ठेवू नका. जेवण साधं ठेवा आणि ज्यांना बोलायचंय त्यांच्यासोबत बसा.

## जेवण आणि रोजचं वागणं

शाकाहारी मुलांची काळजी आईबापांना फार असते, पण पोलंडमध्ये उपाशी राहायची वेळ येत नाही. ‘बार म्लेच्नी’ शोधा. दारूचा इथे काही संबंध नाही. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या या स्वस्त खानावळी आहेत. भिंतीवरच्या फळ्यावरून पदार्थ ठरवायचा, गल्ल्यावर पैसे भरायचे, खिडकीतून ताट घ्यायचं आणि खाऊन झालं की भांडी परत खिडकीत नेऊन द्यायची. मागे रांग असते, म्हणून आधी ठरवूनच उभे राहा. बटाटा आणि पनीरासारख्या चिजाचं सारण भरलेले ‘प्येरोगी’, बटाट्याचे थालीपिठासारखे ‘प्लात्स्की’, गोड चिजाचे किंवा फळांचे ‘नालेश्निकी’ हे सगळं शाकाहारी.

मात्र प्येरोगीवर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालून देतात. म्हणून मागतानाच ‘बेझ स्क्वारेक’ म्हणा, म्हणजे ते तुकडे नकोत. ‘झुरेक’ सुपात सॉसेज असतं. बिटाचं लाल ‘बार्श्च’ शाकाहारी दिसतं, पण बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं, विचारून घ्या. ब्रेडसोबत फुकट येणारी पांढरी लोण्यासारखी ‘स्मालेत्स’ ही चरबी आहे. क्राकूफच्या गाड्यांवर मिळणारी ‘ओब्वाझानेक’ हा पीळ घातलेला, कड्यासारखा गोल पाव सकाळच्या घाईत उत्तम. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या भरून घ्या.

रविवारी बहुतेक मोठी दुकानं कायद्याने बंद असतात. बेडकाच्या नावाची ‘झाब्का’ ही छोटी दुकानं बऱ्याच ठिकाणी उघडी मिळतात. खाऊ, औषधं, सिमकार्ड शनिवारीच उरकून घ्या.

दुकानात शिरताना ‘ज्येन दोब्री’, निघताना ‘जेंकुये’ एवढं म्हटलं तरी समोरचा चेहरा सैल होतो. पण हॉटेलात बिलाच्या पैशांसोबत ‘जेंकुये’ म्हणालात तर उरलेले पैसे ठेव असा अर्थ घेतला जातो. सुटे हवे असतील तर ते हातात आल्यावरच म्हणा. अनोळखी मोठ्या माणसाला ‘पान’ किंवा ‘पानी’ लावून बोलतात, आपल्या अहो-जाहोसारखं. रस्ता मोकळा असला तरी लाल दिव्यावर ओलांडू नका, दंड होतो. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना फिरू नये. खांदे झाकलेले असावेत.

## रेल्वेने वॉर्साला

गटासाठी बस ठरवण्याचा मोह होतो, पण रेल्वेनेच जा. क्राकूफहून वॉर्साला वेगवान गाडीने साधारण अडीच तास, वॉर्साहून ग्दान्स्कला तीन तासांच्या आत-बाहेर. लांब पल्ल्याच्या गाड्यांत जागा राखून ठेवलेली असते, तिकिटावर डबा आणि आसन लिहिलेलं असतं.

नवखे लोक फलाटावर हमखास गोंधळतात. फलकावर दोन आकडे असतात: ‘पेरोन’ म्हणजे फलाट आणि ‘तोर’ म्हणजे रूळ. एका पेरोनच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे तोर असतात. आधी पेरोनचा आकडा बघून वर चढा, मग तोरच्या आकड्यावरून बाजू ठरवा. चढायला वेळ फार नसतो. वीस मुलं असतील तर डब्याची जागा फलाटावर आधी बघून दोन दारांत विभागून उभं करा.

शहरातली ट्राम-बसची तिकिटं बहुतेक वेळेवर चालतात: अमुक मिनिटं, तेवढ्यात गाडी बदलता येते. कागदी तिकीट असेल तर आत चढताच ते छोट्या यंत्रात घालून शिक्का मारावा लागतो. न मारलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच, आणि साध्या वेशातले तपासनीस मुलांनाही सोडत नाहीत.

## वॉर्सा: पुन्हा बांधलेलं शहर

सुरुवात जुन्या चौकातून करू नका. आधी राजवाड्यातल्या कानालेत्तो दालनात जा. अठराव्या शतकात राजा स्तानिस्वाव आउगुस्तच्या दरबारी असलेल्या बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराने वॉर्साचे रस्ते, वाडे, खिडक्या रंगवल्या. मामांचं कानालेत्तो हे नावही तो लावायचा. त्या चित्रांत चार-पाच इमारती निवडून मुलांना त्यांची रेखाटनं काढायला लावा. खिडक्या किती, छप्पर कसं, दारावर काय कोरलंय.

मग बाहेर पडून क्राकोव्स्के प्झेद्मिएश्च्ये या रस्त्याने चाला. त्याच चित्रांच्या प्रती रस्त्यात जागोजागी उभ्या केल्या आहेत. चित्र आणि समोरची इमारत एकाच नजरेत येते. आता मुलांना सांगा की समोरची बरीचशी इमारत ही त्या चित्रावरून परत बांधलेली आहे.

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साच्या भूमिगत सैन्याने जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. सोव्हिएत फौज विस्तुला नदीच्या पलीकडच्या काठावर थांबून राहिली. सुमारे दीड ते दोन लाख नागरिक मेले. उठाव मोडल्यावर उरलेल्या लोकांना शहराबाहेर काढून जर्मनांनी एकेक इमारत सुरुंग लावून, जाळून पाडली. युद्ध संपलं तेव्हा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग नष्ट झालेला होता. तरी माणसं परतली. युद्धाआधी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी जुन्या घरांची मापं घेऊन काढलेले नकाशे होते, बेलोत्तोची चित्रं होती, आणि राडारोड्यातून वेचलेले कोरीव दगड होते. जुना बाजारचौक १९५३ मध्ये उभा राहिला. राजवाड्याचं काम १९७१ मध्ये सुरू होऊन १९८४ ला लोकांसाठी खुला झाला. १९८० मध्ये हे जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत आलं ते या पुनर्बांधणीसाठी. त्या नकाशांमागची मुलं तुमच्या गटातल्या मुलांपेक्षा फार मोठी नव्हती, हे त्यांना जरूर सांगा. उठावाचं संग्रहालय यानंतरच बघा, आधी नको.

दुसरा दिवस मुरानूफला. जर्मनांनी १९४० मध्ये इथे चार लाखांहून जास्त ज्यूंना भिंतीआड कोंडलं. १९ एप्रिल १९४३ ला उरलेल्यांनी उठाव केला. त्यानंतर हा भाग इतका सपाट केला गेला की ढिगारा उचलणं शक्य नव्हतं. नवी घरं त्या ढिगाऱ्यावरच बांधली. म्हणून इथल्या कित्येक इमारती रस्त्यापेक्षा उंचवट्यावर आहेत आणि दारापाशी जायला पायऱ्या चढाव्या लागतात. त्या पायऱ्यांखाली काय आहे ते विचारा. भिंत जिथून जात होती तिथे फुटपाथमध्ये लोखंडी पट्टी बसवली आहे, तिच्यावर ‘घेटोची भिंत १९४०–१९४३’ असं पोलिश आणि इंग्रजीत लिहिलंय. तासभर त्या पट्टीच्या मागोमाग चाला. शेवटी पोलिन संग्रहालय, जिथे पोलंडमधल्या ज्यूंचा हजार वर्षांचा इतिहास आहे. केवळ मृत्यूची वर्षं बघून मुलं घरी गेली तर तो अन्याय ठरेल.

तिसऱ्या दिवशी कोल्हापूरचा धागा पकडा. मॉन्ते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मृतिस्थळ आहे. या दोन गोष्टी शेजारी असण्याला अर्थ आहे: १८ मे १९४४ रोजी इटलीतला तो डोंगर जिंकणाऱ्या आन्दर्सच्या सैनिकांपैकी अनेकांची कुटुंबं तेव्हा निर्वासित छावण्यांत होती. वळिवड्याची मुलं छावणीतल्या शाळेत जात होती आणि बाप इटलीत लढत होता. ओखोता भागात नवानगरच्या जामसाहेबांच्या नावाने ‘चांगल्या महाराजांचा चौक’ आहे; जामनगरजवळ बालाचडीला त्यांनी पोलिश मुलांना आसरा दिला. कोल्हापूरला उतरवलेली नावं असलेली वही इथे बरोबर असू द्या.

उरलेल्या वेळात फ्रेता रस्त्यावरचं मारी क्यूरी यांचं जन्मघर, आणि उन्हाळ्यातला रविवार असेल तर वाझिएन्की बागेत शोपँच्या पुतळ्याखाली होणारी पियानोची मैफल. ती विनामूल्य असते, गवतावर बसून ऐकायची. संग्रहालयांत आठवड्यातून एक दिवस कायम प्रदर्शनं फुकट असतात, पण त्या दिवशी गर्दी मोठी. काही संग्रहालयं सोमवारी तर काही मंगळवारी बंद असतात. वॉर्साचा कार्यक्रम आखताना हे आधी तपासा.

## ग्दान्स्क, आणि वेळ उरला तर

दोन-तीन रात्री पुरतात. द्वुगी तार्ग हा लांब चौक, १६३३ चं नेपच्यूनचं कारंजं, नदीकाठची मध्ययुगीन लाकडी यारी, म्हणजे जहाजांचा माल उचलणारी क्रेन. सगळं जुनं दिसतं, पण १९४५ मध्ये इथे राखेचे ढिगारे होते. तोवर शहरात बहुसंख्य जर्मन राहत. ते गेले किंवा घालवले गेले आणि पोलंडच्या इतर भागांतून, पूर्वेकडच्या गमावलेल्या प्रांतांतूनही माणसं इथे आली. त्यांनी घरांचे दर्शनी भाग जुन्या धाटणीचे केले, प्रशियाच्या काळातल्या खुणा टाळून आधीच्या शतकांकडे गेले, आणि मागे साधी सदनिका-घरं बांधली. चौकातून आतल्या गल्लीत वळून घरांच्या पाठी बघा. वॉर्सातला प्रश्न इथे अवघड होतो: दुसऱ्याच्या शहराचं रूप नव्या माणसांनी कसं निवडायचं? यावर गटात वाद होऊ द्या.

एक सकाळ वेस्तरप्लात्तेला. १ सप्टेंबर १९३९ ला पहाटे जर्मन युद्धनौकेने इथल्या पोलिश चौकीवर तोफा डागल्या. नंतरचा अख्खा दिवस गोदीसाठी ठेवा. ऑगस्ट १९८० मध्ये आना वालेन्तिनोविच या यारी चालवणाऱ्या बाईंना कामावरून काढल्याचं निमित्त झालं आणि गोदीत संप पेटला. संपाचं नेतृत्व लेख वावेन्सा यांनी केलं आणि ३१ ऑगस्टला सरकारने करारावर सही केली. कामगारांच्या २१ मागण्या लाकडी फळ्यांवर रंगाने लिहून फाटकावर टांगल्या होत्या. या संपातून सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना उभी राहिली; त्या मूळ फळ्या आता युरोपीय सॉलिडॅरिटी केंद्रात आहेत. अक्षरं हाताची आहेत, घाईची. गिरणी संपाच्या आठवणी ज्या घरांत अजून निघतात, तिथल्या मुलांना या फळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

दोन दिवस जास्त असतील तर ते वॉर्साहून व्रोत्सवाफसाठी काढा. जर्मन ब्रेस्लाउ १९४५ नंतर पोलिश झालं, आणि ल्वूफहून (आजचं युक्रेनमधलं ल्विव्ह) आलेल्या माणसांसोबत त्यांचं एक प्रचंड चित्रही आलं: १५ मीटर उंच, ११४ मीटर लांब, गोल भिंतीवर लावलेलं. १७९४ मध्ये उठावाचा नेता कोश्च्युश्को याच्या कोयतेधारी शेतकऱ्यांनी रशियन फौजेला हरवलं ती लढाई त्यात आहे. रशियाची नाराजी नको म्हणून ते चाळीस वर्षं गुंडाळून ठेवलं होतं. १९८५ मध्ये उघडलं. तिकीट अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ठरलेल्या वेळेचं असतं, गटाचं आधीच काढा. आत गेल्यावर कठड्यापाशी उभं राहून बघा, खरी माती आणि गवत कुठे संपतं आणि रंग कुठे सुरू होतो.